बाराही टाक्या लाल

या, जवळ सरकून बसा. देवाला नमस्कार करा आणि ऐका. शालन-हरिहरची गोष्ट सांगते, मन गोड होईल.

साल पंच्याण्णव. डोंबिवलीजवळ मानपाड्यातल्या एका केमिकल कारखान्यात टाक्यांचं तापमान दाखवणारा प्रोग्राम हरिहर लिहीत होता. तो तपासायला ठाण्याच्या ऑफिसातून रतन यायची, पण ती तापाने झोपली म्हणून आली शालन. चार दिवसांसाठी.

हरिहरने तापमापकाची तार चक्क चहाच्या ग्लासात बुडवली. स्क्रीनवर दर टाकीचा एक चौकोन. लाल व्हायचा एकच... तर बाराही झाले!

"अरे, एक टाकी तापली तर बाराही लाल? अख्खा मानपाडा पळत सुटेल!"

"मेमरी वाचवली ना मॅडम! बाराही ॲसिडच्या. नाव तेच, मर्यादा तीच. मग बारा जणींत मिळून एकच ऑब्जेक्ट, म्हणजे माहितीचा एकच डबा ठेवला."

"ते झकास. पण तापमानही त्यातच कोंबलंस, आणि खबर द्यायचं कामही त्यालाच! त्याला काय कळणार, कोण तापलं ते?"

"आत्ता तर तुम्हीच तापलाय..."

शालनने ओठ दाबून हसू आवरलं. "सगळ्यांचं सारखं आहे ते एकात ठेव. ज्याचं त्याचं तापमान त्याच्यापाशी. आणि खबर टाकीने द्यायची, 'मला कळव' म्हणून ज्याने नाव नोंदवलंय, फक्त त्याला."

कीर्तनातही असंच नाही का? ध्रुवपद साऱ्यांचं एकच, डोळ्यांतलं पाणी मात्र ज्याचं त्याचं.

तिसऱ्या दिवसापर्यंत 'मॅडम'ची 'शालन' झाली होती. चौथ्या दिवशी तार पुन्हा चहात बुडाली आणि एकच चौकोन लाल झाला. हरिहरने टाळी दिली. हात सोडायला मात्र दोघं विसरली.

"रविवारी भेटायचं? मिसळ माझ्याकडून."

शालनने हात काढून घेतला. "रविवारी... मला बघायला पाहुणे येतायत."

"आणि हे मला आत्ता सांगतेस?"

"तू नाव नोंदवलंस कुठे?" ती हळूच म्हणाली.

हरिहरने तार चहातून काढली. मग हरिहर म्हणाला, "आता नोंदवतो... उशीर झाला?"

"रविवारपर्यंत नाही. पण मला नाही, बाबांना सांग."

शालनचे बाबा, सखारामकाका, डोंबिवलीच्या देवळात कीर्तनाला पखवाज वाजवत. आरती झाली तशी हरिहर घाम पुसत पुढे झाला. शालन खांबाशी उभी.

"काका, मी... म्हणजे शालन... मला तिच्याशी लग्न करायचंय."

काकांनी पखवाजाला कापडी गवसणी घातली. "रविवारचे पाहुणे माझ्या जिवलग मित्राच्या घरचे आहेत. शब्द दिलाय मी." मग लेकीकडे वळले. "शालू, तुला काय वाटतं गं?"

"बाबा... मला हाच हवाय."

काकांनी देवाला हात जोडले. मग चपला घालायला लागले.

"बाबा, कुठे निघालात?"

"त्यांच्याकडे. फोनवर सांगणं बरं नाही. मीच पाया पडून सांगतो." वळून हरिहरला म्हणाले, "तू काय उभा? हिला घरी सोड. आणि जेवूनच जा."

त्या मित्राने पुढे दोन वर्षं अबोला धरला. काकांनी त्याबद्दल घरात अवाक्षर काढलं नाही. लेकीच्या लग्नात सर्वांत जोरात तेच नाचले.

आता काका नाहीत. तुम्ही देवळात जाल ना, तेव्हा माझं एवढं ऐका... हात जोडताना एकदा सखारामकाकांना आठवा.