तेरावी मात्रा

“माझी तेरावी मात्रा परत घाल,” असं मी नातीला चौथ्यांदा सांगत होते आणि ती चौथ्यांदा मान हलवत होती.

“आजी, उद्या प्रयोग आहे. बुटांच्या ठेक्यात ती मागे पडते. लोकांना वाटेल, मी चुकले.”

“वाटू दे. लोकांना माझ्याबद्दल काय काय वाटलं, मी मेले का?”

ध्वनिमुद्रणाची खोली, भर दुपार. लाकडी फळ्यांच्या चौथऱ्यालगत उंच स्टुलावर नात, अंगात जमिनीला टेकणारा घेरदार झगा. पायात लोखंडी टाचांचे परदेशी बूट. आमचा पदन्यास, त्यांचं बूट आपटणं आणि मशीनचं संगीत, असा तिचा मेळ. मेळाला माझी ना नव्हती. मी स्वतः चोरून शिकलेली. शुद्धतेचा तोरा कुठल्या तोंडानं मिरवू?

आमच्या गावात नाच शिकवणाऱ्या बाईंनी मला शिष्या करून घेतलं नाही. म्हणून सात वर्षं त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीला कान लावून शिकले. दिसायचं काहीच नाही. ऐकलं ते पायात उतरवलं. सोळा मात्रांत तेराव्या मात्रेला बाईंचं पाऊल किंचित उशिरा पडे, आणि ओलसर. मला वाटलं, ही त्यांची नजाकत. मी ती घोटून बसवली, पुढे नातीला दिली.

बाई गेल्या तेव्हा त्यांचं अंग पुसायला कुणी पुढे होईना. मी झाले. उजव्या पायाची पट्टी सोडली तर करंगळी नव्हती. तिच्या जागी खड्डा, आत पिवळट, चिकट, तार सुटणारं काहीतरी. पट्टीला कातडी चिकटून आली. म्हणजे इतकी वर्षं मी एका सडक्या जखमेची नक्कल करत होते. याची मला लाज नाही, किळस आहे. नातीला हे कधी बोलले नाही.

“सरळ कुणी केली ती मात्रा?” मी विचारलं.

“मी केली, आजी,” काचेपलीकडून मशीनवाला म्हणाला. “तुमच्या पावलांचं रेकॉर्डिंग तालाच्या चौकटीत बसवलं.”

“कुणाला विचारून?”

“मशीनला.” आणि त्यानं ते ऐकवलं.

सोळाच्या सोळा मात्रा कवळीतल्या दातांसारख्या एका रांगेत. तेरावीही वेळेवर. आणि तिच्यामागून, रिकाम्या चौथऱ्यावरून… च्याक. सडकं फळ हातातून निसटावं, तसा आवाज.

मशीनवाल्यानं बटण फिरवलं. संगीत थांबलं. आम्ही तिघं मनात मोजत राहिलो. सोळा झाल्या, पुन्हा तेरावी आली, आणि किंचित उशिरा… च्याक.

“आजी… सगळं बंद आहे,” तो पुटपुटला.

मग वास आला. तोच. उकळत्या पाण्यानं हात धुऊनही तेव्हा नखांतून गेला नव्हता, तो. फळीवर ओला ठसा होता, उजव्या पावलाचा, करंगळीविना. मी वाकून पदरानं पुसला. पदर उचलला तर तार लांबत आली, तुटेचना. मशीनवाला तोंडावर हात दाबून बाहेर पळाला.

च्याक. आता स्टुलाच्या जवळ.

“दिसलं?” मी म्हटलं. “बाईंचा उशीर तुम्ही काढून टाकलात, तो आता जागा शोधतोय. चूक म्हणून का होईना, माझ्या पायात होता तोवर बरा होता. ती मात्रा परत घाल.”

“उंदीर मेला असेल कुठेतरी,” नात म्हणाली. “मी वर्षभर राबलेय, आजी. उद्या नाही नाचले तर मला पुन्हा कोण उभं करणार?”

“पाय राहिला तर नाचशील ना? बूट काढ आणि चल.”

झग्याचा घेर तेवढा हलला. च्याक, झग्याच्या आत.

मी गुडघे टेकले, झग्याखाली हात घातला आणि उजवा बूट धरला. गच्च भरलेला. चामडं ऊन लागत होतं, शिवणीतून काहीतरी पाझरून माझ्या बोटांवर येत होतं. मी ओढला. आतलं पाऊल ताठ झालं.

“पाय सैल सोड,” मी ओरडले. “हट्टीपणा पुरे झाला. सोड म्हणते ना.”

वरून नातीचा आवाज आला, अगदी हळू.

“आजी, ओढू नकोस… मी कधीच बूट काढून वर मांडी घालून बसलेय.”