न ओळखलेला खाऊ

"कुकी!"
"पॉपकॉर्न!"
"नाचोज! नक्की नाचोज!"

मी डबा पुन्हा खुळखुळवला. सन २०६१ मध्येही आमच्या अकोल्यात भुलाबाई बसते. महिनाभर रोज संध्याकाळी कॉलनीच्या हॉलमध्ये मुली जमतात, मातीच्या भुलाबाईसमोर टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात, आणि शेवटी जिची पाळी असेल ती झाकलेला डबा वाजवते. बाकीच्यांनी आवाजावरून खाऊ ओळखायचा. खाऊ होईल तितका अवघड आणायचा, हा नियम. मी मात्र मुद्दाम सगळ्यांत सोपा आणला होता. दुसऱ्या दिवशी हॉलचा निकाल होता: पुढच्या वर्षीपासून भुलाबाई की हॅलोविन. मुली हरून हरून कंटाळल्या तर भुलाबाई गेलीच, अशी मला भीती वाटत होती.

वीस मुलींपैकी एकीलाही ओळखता आलं नाही. डब्यात गूळ-फुटाणे होते! नक्षत्राने एक फुटाणा दाताखाली धरला आणि विचारलं, "हे गुरांना देतात ना?"

निकाल आवडोबा देणार होता. आवडोबा म्हणजे घरोघरचा यंत्रमानव (माणसांची आवड मोजून तसाच खाऊ, तशीच गाणी आणि तसेच सण पुरवणारं यंत्र). दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गोड आवाजात सांगितलं, "तुमच्याच आवडीनुसार, हॅलोविन."

मी तणतणत आबाजींकडे गेले. आबाजी म्हणजे माझे आजोबा. तीस वर्षं अमेरिकेत यंत्रं घडवून परत आलेले.

"सगळ्यांना एकाच देशाचं सगळं कसं काय आवडतं? कुणी जबरदस्ती तर केली नाही!"

"बस, चित्कला. दाखवतो तुले."

त्यांनी एका वाडग्यात अठरा राजमे आणि दोन हरभरे टाकले. "डोळे मिट. एक दाणा काढ. जो निघंल तो परत टाक, आन् त्याचाच एक भाऊबंद वरून टाक. वाडगं तेवढंच हाय, म्हणून न पाहता कोणताही एक दाणा बाहेर काढ."

मी काढत राहिले, टाकत राहिले. सत्तेचाळिसाव्या खेपेला शेवटचा हरभरा बाहेर गेला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मग मला रडूच आलं.

"राजमा काय जास्त चवदार होता?" आबाजींनी विचारलं.

"नाही. मी तर डोळे मिटले होते."

"मंग हरभरा काहून संपला?"

मी विचार केला. "आधीच कमी होता म्हणून. कमी म्हणून कमी वेळा निघाला, आणि कमी निघाला म्हणून आणखी कमी झाला."

"ह्याले पुनर्भरण म्हणतात (निघालेला निकाल परत आत टाकून त्यावरच पुढचा निकाल ठरवणं). आवडोबाच्या वाडग्यात पहिले दाणे अमेरिकेतल्या कंपन्यांनी भरले. तेथचे सिनेमे, तेथचा खाऊ, तेथचे सण. पोरांनी जे घेतलं, तेच तो आणखी देत गेला. पोरांचा दिवस तेवढाच, पोट तेवढंच. हळूहळू जगात सांस्कृतिक एकपीक आलं (सगळीकडे एकाच संस्कृतीची लागवड). आपल्या वावरात नुसतीच कपाशी लावली तर काय होते, तुले ठाऊक हाय."

"बोंडअळी आली की सगळंच जातं."

"हो. आन् तेथच्या पोरांचा दोष नाही बाप्पा. तेथच्या मूळ रहिवाशांची गाणी तर आपल्याही आधी गेली."

"पण आवडोबाचा हा नियम लिहिला कुणी?"

आबाजींनी वाडगं बाजूला सारलं. "आम्ही चौघांनी. त्यातला एक मी. लोकाईले आवडंल तेच देतो, असं म्हणत होतो. शाबासकी भेटे."

मला त्यांचा राग आला. अजूनही आहे. "आता हरभरा परत कसा येईल?"

"यंत्रातून नाही येत. शून्यातून काही निघत नाही. कोणीतरी बाहेरून हातानं टाकावा लागते."

संध्याकाळी कोजागिरीची शेवटची भुलाबाई होती. जुईची पाळी. तिने डबा हलवला. धप, धप. मऊ आणि जड.

"मफिन!" मी सगळ्यांच्या आधी ओरडले.

जुईने झाकण काढलं. भोपळ्याची बोंडं होती, गुळातली, तळलेली. पाच वर्षांची होईपर्यंत आबाजींच्या हातची मी ती रोज मागायची, असं आई सांगते. मला त्यातलं काही आठवलं नाही. हरभरा माझ्याच डोक्यातून गेला होता, आणि मी दिवसभर दुसऱ्यांना नावं ठेवत होते.

"मलाही करता येत नव्हती," जुई हळूच म्हणाली. "आईलाही नाही. आईने तिच्या मावशीला फोन लावला. पहिला घाणा करपला."

पुढच्या वर्षी हॉल मिळणार नाही. भुलाबाई आमच्या गच्चीवर बसेल. आतापर्यंत पाच जणी येते म्हणाल्यात, त्यात नक्षत्राही आहे. आबाजी रोज शाळा सुटल्यावर मला एकेक खाऊ करायला शिकवतात. आम्ही फारसं बोलत नाही. जिंकायचं वगैरे काही नाही. पुढच्या भुलाबाईला मला एक तरी डबा बरोबर ओळखता यावा, एवढंच.