पाच तांबडे ठिपके

दसऱ्याच्या दुपारी ‘भुयार’ची तारीख फुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सायबर शाखेच्या उपनिरीक्षक संयोगिता घोरपडे यांच्या टेबलावर तक्रार येऊन पडली.

वीस वर्षांपूर्वी शाळकरी पोरापोरींना कॉम्प्युटरपुढून उठू न देणारा हा गेम आता नव्या रूपात येणार होता. रिमास्टरचं काम राजारामपुरीतल्या एका लहानशा स्टुडिओत चाललं होतं. तो नक्की कधी येणार यावर चाहत्यांचा चाळीस हजारांचा ग्रुप वर्षभर डोकं खपवत होता. जाहिरातीतल्या पायऱ्या मोजून कुणी पाडवा म्हणायचं, मशालीची सावली बघून कुणी नाताळ. त्या ग्रुपवर कुणा नव्या खात्यावरून एक फोटो पडला. स्टुडिओतला पांढरा बोर्ड, आणि त्यावर निळ्या शाईत ‘१४ नोव्हेंबर’.

तारीख खरी होती. मूळ कंपनी भडकली होती. आज संध्याकाळपर्यंत कोण ते कळलं नाही तर कोर्टात जायची भाषा होती.

स्टुडिओत शिरताना संयोगिताला दाराचं झेंडूचं तोरण कोमेजलेलं दिसलं. आत प्रत्येक कॉम्प्युटरवर खंडेनवमीच्या पूजेची हळदकुंकवाची बोटं उठलेली होती. भिंतीवरचा बोर्ड तेवढा लख्ख पुसलेला. तक्रार देणारे मालक उदयसिंह माने मात्र एका जागी बसायला तयार नव्हते. चोराचं नाव त्यांनी आधीच ठरवलं होतं. अंतरा कुलकर्णी, गेममधली भुयारं नव्यानं रंगवणारी चित्रकार.

“फोटो तिच्याच खुर्चीवरून काढलाय, मॅडम. गेल्या शनिवारी ती एकटीच थांबली होती. माझा मेल चोरून वाचला, बोर्डावर तारीख लिहिली, फोटो काढला आणि पुसून टाकली.”

“शनिवारीच, हे नक्की?”

“शंभर टक्के. त्यानंतर ती इथं आलेलीच नाही. रजेवर होती. आज सकाळीच तिला कामावरून काढलं.”

“स्टुडिओची किल्ली कुणाकडं असते?”

“एकच आहे. माझ्याकडं. शनिवारी मी तिला दिली होती, सोमवारी सकाळीच तिच्या घरून परत आणली.”

संयोगिताचा फोन सारखा थरथरत होता. कंपनीचा वकील, वरिष्ठ, पुन्हा वकील. ती तशीच मंगळवार पेठेत अंतराच्या घरी गेली. अंतराच्या आईनं फोन बंद करून कपाटात ठेवला होता. ग्रुपवर अंतराचं नाव आणि फोटो फिरत होता, आणि लोक काय वाट्टेल ते लिहीत होते.

अंतरा शांतपणे बोलली, पण तिचे हात ओढणीची कड सोडत नव्हते. आम्हाला सगळ्यांना डिसेंबर सांगितलं होतं, ती म्हणाली. आणि खरं विचाराल तर डिसेंबरही जमला नसता. तिसऱ्या भुयाराचं निम्मं काम बाकी होतं. उदयसिंहांना तिनं तीनदा सांगितलं होतं. खंडेनवमीला ती सकाळपासून आईबरोबर जोतिबाला होती.

तिथूनच संयोगितानं ग्रुप चालवणाऱ्या उन्मेष चौगुलेला जयसिंगपूरला फोन लावला. अंतराचं नाव त्याला कुणी सांगितलं? स्टुडिओच्या मालकांनीच, तो म्हणाला. आणि लगेच फोटोवर घसरला. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात पाच तांबडे ठिपके आहेत, त्यावर रात्रभर चर्चा झाली. पाच ठिपके म्हणजे पाच भाग येणार, असं बहुतेकांचं मत पडलं होतं.

संयोगितानं फोटो मोठा करून पाहिला. मग गाडी परत राजारामपुरीकडं वळवली.

स्टुडिओची झाडलोट करणाऱ्या अंबूबाई जिन्यातच भेटल्या.

“मावशी, खंडेनवमीची पूजा कुणी केली?”

“मीच की. दरसाल मीच करतो.”

“बोर्डाची पण?”

“व्हय. समद्या मशिनींवर बोटं उठवली, मग बोर्डावर बी उठवली. पाच. आज येऊन बघतो तर कुणी पुसून टाकलंय. सणाचं कुकू असं पुसत्यात व्हय?”

“तेव्हा बोर्डावर काही लिहिलेलं होतं?”

“न्हाय. कोरा व्हता. समदी गेली, मग मी न् सायेब शेवटाला निघालो. कुलूप सायबांनीच लावलं.”

चार वाजता संयोगितानं सगळ्यांना स्टुडिओत एकत्र बसवलं. अंतरालाही बोलावून घेतलं. फोटो मोठ्या पडद्यावर लावला.

“हा फोटो शनिवारी काढला असं मानेसाहेब म्हणतात,” ती म्हणाली. “मग यात अंबूबाईंचं कुंकू कसं आलं? ते लागलं खंडेनवमीला, चार दिवसांनी. म्हणजे फोटो पूजेनंतरचा. पूजा संपली तेव्हा बोर्ड कोरा होता, आणि दाराला कुलूप लागलं. काल दुपारी फोटो ग्रुपवर आला. मधल्या वेळात आत येऊन, तारीख लिहून, अंतराच्या खुर्चीत बसून फोटो कुणी काढला? किल्ली एकच आहे. तारखेचा मेलही एकालाच आला होता.”

उदयसिंहांनी पाणी मागितलं. कुणी उठलं नाही.

“तुमचं काम झालेलं नव्हतं,” संयोगिता पुढं म्हणाली. “कंपनीचे वकील सांगतात, त्यांना मात्र तुम्ही सगळं तयार असल्याचं कळवत होता. तारीख फुटली की कंपनी ती पुढं ढकलणार, आणि उशिराचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर. काम अपुरं असल्याचं ज्या मुलीनं तुम्हाला तीनदा सांगितलं, तीच तुम्ही निवडलीत.”

“मला फक्त दोन महिने हवे होते,” उदयसिंह पुटपुटले. “तिला नंतर परत घेणार होतो.”

अंतरा पहिल्यांदाच त्यांच्याकडं पाहून बोलली. “दोन महिने मागितले असते, सर, तर आम्ही सगळ्यांनी रविवारीही काम केलं असतं.”

उदयसिंहांचे मेल आणि मोबाईल ताब्यात घेऊन संयोगिता बाहेर आली. उन्मेषचा फोन आला. ग्रुपवर माफीनामा टाकतो, तो म्हणाला.

“तो टाकाच. पण नाव आणि फोटो तुम्हीच फिरवलाय. घरी जाऊन तिच्या तोंडावर बोला.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जयसिंगपूरहून एस.टी.नं अंतराच्या घरी आला. जबाबावर अंतराची सही घ्यायला संयोगिता तिथंच होती. दारात उभा राहून त्यानं पाठ केलेलं एक वाक्य सुरू केलं, आणि ते मध्येच अडकलं. अंतरानं त्याला अडकू दिलं. त्यानं पुन्हा सुरुवात केली, या वेळी साध्या शब्दांत, आणि शेवटपर्यंत गेला.

अंतरानं दार पूर्ण उघडलं. मग आत वळून आईला म्हणाली, “आई, पाणी आण. पावणं लांबनं आलेत.”