रविवारचा लाल ठिपका

"त्रिशला, तारीख बघ! ठिपका रविवारचा हाय!" तिचा गावातला दोस्त ओमकार ओरडला.

त्रिशला लॅपटॉपवर वाकली. सुट्टीत निपाणीजवळच्या गावी आल्यापासून तिला एकच नाद होता, लॅपटॉपवर उपग्रहाची चित्रं बघायचा. मंगळवारी माळ पेटला आणि गावाच्या गुरांचा सगळा चारा खाक झाला. तेव्हा नकाशावर रवळूआप्पांच्या शेतात आगीचा लाल ठिपका बघून तिनंच वनरक्षक महादेवअण्णांना ऐटीत सांगितलं होतं, "आग आप्पांनीच लावली!" तेव्हापासून गावानं आप्पांचं दूध घेणं सोडलं होतं. सोमवारी त्यांना वनखात्याच्या कचेरीत बोलावलं होतं.

"म्हणजे माळ पेटायच्या दोन दिवस आधी! आप्पांनी तंबाखूच्या रोपांचा वाफा भाजला असणार. बी टाकायच्या आधी सगळेच भाजतात की!" तिचा चुलतभाऊ अभिनंदन म्हणाला.

तंबाखूच्या व्यापाऱ्याची नात, आणि एवढंही सुचू नये! उचलली जीभ लावली टाळ्याला! त्रिशलाला स्वतःचीच लाज वाटली.

तिनं लगेच शनिवारचं नवं चित्र उघडलं. जळालेला काळा पट्टा आप्पांच्या बांधापर्यंत पोचलाच नव्हता! तो सुरू होत होता हायवेवरच्या ढाब्यामागून.

तिघं महादेवअण्णांना घेऊन तिकडं पळाली. अण्णा पाण्याच्या टाकीआड थांबले. ओमकारनं चेहरा भोळाभाबडा केला.

"मालक, आमच्या घरचा कचरा आणू काय? तुमी जाळताय न्हवं?"

"आण की रं! दर मंगळवारी मागं पेटवतो," ढाब्याचा मालक म्हणाला.

"गेल्या मंगळवारी बी?"

"व्हय! लई वारं हुतं, भुर्रकन पेटला!"

"आणि माळ बी!" म्हणत महादेवअण्णा पुढं आले. मालकानं मान खाली घालून चूक कबूल केली.

संध्याकाळी सगळं गाव आप्पांच्या अंगणात जमलं. "लई हुशार पोरं!" म्हणत महादेवअण्णांनी तिघांची पाठ थोपटली. त्रिशलाला ती थाप सोसवेना.

"मला शाबासकी नको!" ती रडतच म्हणाली. "आप्पांचं नाव मीच घेतलं होतं, तारीखसुद्धा न बघता. आप्पा, चुकलं माझं."

आप्पांनी तिला जवळ बोलावलं.

"चार दिस कुणी बोललं न्हाय गं माझ्याशी," ते म्हणाले. "सकाळी वाफ्यावर ये. आभाळातनं बघितलंस, आता जवळनं बघ."

दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला त्रिशला झारी घेऊन आप्पांच्या बांधावर उभी होती.