टेकवाडीच्या बारवेखालची सही

मैत्री पावणेसहाला उठली. डबा भरला, केस विंचरले आणि साडेसहाला संत तुकाराम नगरच्या थांब्यावरून चाकणच्या कंपनीच्या बसमध्ये चढली. मोशी येईपर्यंत डोळे मिटायचे आणि मग मोबाइलवर ‘गावकोश’ उघडायचा, हा तिचा नेम. गावोगावची माहिती लोकांनीच लिहायची, असे ते संकेतस्थळ. मैत्री तिथली संपादक होती.

महिनाभर टेकवाडीच्या पायऱ्यांच्या विहिरीवर, तिथल्या बारवेवर, चर्चा चालली होती. कुणीतरी फार सुरेख लिहीत होते — पायऱ्या किती, पाणी कधी आटते, आणि ती बारव गावकारभाऱ्यांनी नव्हे, तर बौद्ध वस्तीतल्या लोकांच्या पूर्वजांनी खणली, हेही. मात्र खाली सही नसे. ‘कृपया टिप्पणीखाली सही करावी,’ असे मैत्रीने चारदा लिहिले होते. आज संध्याकाळी सहाला चर्चा संपणार होती. विनासही मत मोजले जात नसे. म्हणजे पूर्वजांचे ते वाक्य पानावरून जाणार होते.

कुरुळी फाट्यावर एक तरुण चढला आणि तिच्या शेजारी बसला. त्याच्या मोबाइलवर तिचीच सूचना उघडी होती, आणि खाली त्याचे अर्धे लिहिलेले उत्तर!

“सही का करत नाही?” तिच्या तोंडून निघून गेले.

तो दचकला. “तुम्ही... संपादक मॅडम?”

“मैत्री. आणि तुम्ही?”

“रोहिदास. असेंब्लीला असतो.” तो हसला. “मला वाटलं, संपादक म्हणजे पांढरे केस, जाड चष्मा.”

“मला तर तुम्ही आजोबाच वाटला होता. इतकं मुद्देसूद कोण लिहितं!”

“आमच्या आजीनं सांगितलेलं हाय ते सगळं.”

“मग घाला की नाव.”

“टेकवाडीत रोहिदास चार हायेत. नुसतं नाव घालून दुसऱ्याच्या गळ्यात कशाला? आणि पूर्ण घालावं, तर मधे वडील येतात.” त्याचा आवाज उतरला. “आमचं घर गावकारभाऱ्यांचं. बारव आपल्या पणजोबांनी खणली, असं वडील गावभर सांगतात... तुम्हीच करा ना माझी सही!”

“दुसऱ्याच्या नावानं सही करायची नाही. पहिला शिष्टाचार.”

“एवढ्या कडक?”

“कडक नाही. पण बिननावाच्या माणसाची रोज वाट पाहणं... अवघड जातं.”

तिचे कान तापले. तरी तिने नजर वळवली नाही.

“रोज?” त्याने हळूच विचारले.

“उतरा. असेंब्लीचं गेट आलं.”

संध्याकाळी साडेपाचपर्यंत पान तसेच होते. एक विनासही मत मोजायला मैत्रीला कुणी अडवले नसते. तिने ते मोजले नाही. पाच वाजून बावन्न मिनिटांनी नवी ओळ उमटली :

‘वरील सर्व टिप्पण्या माझ्या आहेत. वडिलांना सांगून सही करतो आहे. त्यांना हे मान्य नाही. — रोहिदास सोपान थोरवे’

मैत्रीने ती दोनदा वाचली. सहाला तिने मते मोजली, वाक्य राहिले. चर्चापान खासगी बोलण्यासाठी नसते, म्हणून तिने त्याचे निरोपाचे पान उघडले.

‘रविवारी सकाळी बारव दाखवाल? वडील घरी असतील, तर त्यांनाही भेटेन.’

आजवर ती खाली नुसते ‘मैत्री’ लिहीत आली होती. आज तिने ‘मैत्री भीमराज ओव्हाळ’ असे लिहिले आणि निरोप पाठवून दिला.