फलकावरची तारीख

भिंतीवरचा फलक पाहिला आणि डॉक्टरीणबाईंच्या सहा वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडलं.

घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारे आकडे रंगवायचा तो कारखाना. रंगात रेडियम. बायका ब्रशचं टोक ओठांत धरून बारीक करत. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यापैकी एकोणीस जणींना तपासलं होतं. सगळ्यांचे जबडे आतून पोखरलेले निघाले. कारखान्याला त्यांनी इशाऱ्याचं पत्रही धाडलं होतं. ते मिळालंच नाही, असं व्यवस्थापक सांगत.

आता सरकारी तपासनीस बाई चौकशीला आल्या, तर समोर फलक: ‘ब्रश ओठांना लावू नये.’ खाली तीन वर्षांपूर्वीची तारीख.

“आम्ही सांगितलं होतं,” व्यवस्थापक म्हणाले. “ऐकलं नाही, त्याला कारखाना काय करणार?”

फलक खरा ठरला तर दोष बायकांचाच. उपचारांची जबाबदारी कारखान्यावर येणार नव्हती.

“हा कधी लावला?” तपासनीस बाईंनी तिथे रंगकाम करणाऱ्या एका मुलीला, धाकटीला विचारलं. तिची थोरली बहीण याच कामाने जबडा गमावून वर्षभर अंथरुणाला खिळली होती.

“गेल्या महिन्यात असेल, असं वाटतं.”

“वाटतं?”

“मान वर कधी करतो आम्ही? केली की मुकादम विचारतो, छतावर आकडे काढायचेत का.”

बायका हसल्या. शपथेवर मात्र एकही बोलेना. नोकरी कुणाला नको होती?

तपासनीस बाई व्यवस्थापकांकडे वळल्या. “फलक लावला कोणी?”

“मी स्वतः. भिंतींना चुना दिला त्याच दिवशी. आधी हे घड्याळ टांगलं, मग शेजारी फलक.”

“मध्ये कधी काढला?”

“खिळासुद्धा हलला नाही.”

“भिंत पुसली?”

“झाडूसुद्धा लागला नाही. दिसतंय की.”

तपासनीस बाई चडफडत थोरलीच्या घरी गेल्या. ती पातळ पेज चमच्याने गिळत होती.

“आमच्या केसांत रंगाची धूळ बसायची,” थोरली तोंड न हलवता बोलली. “अंधारात डोकं चमकायचं. नवरा म्हणायचा, मी बायको केली की कंदील?”

तपासनीस बाई हसल्या, आणि मध्येच थांबल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सगळ्यांना रंगकामाच्या खोलीत जमवलं. डॉक्टरीणबाईही आल्या. खिडक्यांवर काळं कापड लावलं. डोळे सरावले, तशा भिंती हिरवट उजळल्या.

“पीठ उडतं तिथे ताट ठेवलं आणि वर्षाने उचललं, तर खाली काय दिसेल?” तपासनीस बाईंनी विचारलं.

“स्वच्छ गोल,” धाकटी म्हणाली.

तपासनीस बाईंनी घड्याळ उतरवलं. मागे काळाकुट्ट गोल. मग फलक उतरवला. मागची भिंत आजूबाजूसारखीच चमकत होती.

“दोन्ही एकाच दिवशी लावली, असं तुम्हीच म्हणालात. घड्याळामागे धूळ नाही. फलकामागे मात्र तीन वर्षांची धूळ. म्हणजे आधी धूळ बसली, मग फलक आला. भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीला जीभही आहे.”

“मुकादमाने केलं असेल,” व्यवस्थापक पुटपुटले.

“तुम्ही ‘मी स्वतः’ म्हणालात. शिवाय ही तारीख. डॉक्टरीणबाई, तुमचं पत्र इथे कधी पोचलं?”

“पोचपावतीवर फलकावरच्या तारखेच्या आदल्या दिवसाची तारीख आहे.”

“पत्र मिळालंच नव्हतं, तर पत्राच्या दुसऱ्या दिवसाची तारीख सुचली कशी? तुम्हाला तीन वर्षं ठाऊक होतं. सावध केलं असतं, तर थोरली आज जेवली असती. खोटी तारीख तेवढी आठवून टाकलीत.”

तपासनीस बाईंनी अहवालात लिहिलं: जबाबदारी कारखान्याची. थोरलीचा जबडा त्याने परत येणार नव्हता.

कापड काढलं. उजेड आत आला. धाकटी सवयीने बाकावर बसली, तबकडी ओढली, ब्रश ओठांकडे नेला.

तपासनीस बाईंनी तिचं मनगट धरलं.

धाकटी गोंधळून त्यांच्याकडे पाहत राहिली. “मग टोक काढायचं कसं, बाई? ते कोणी शिकवलंच नाही.”