वाढलं म्हणावं

साखरेचा डबा उपडा करून कोंडाजी म्हणाले, "साखर संपली."

घरात ऐकायला कोणी नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. विंचूरहून बायकोचा, सरुबाईंचा धाकटा भाऊ सहादू बोलत होता.

"दाजी, ताई गेली. झोपेतच. लगेच निघा."

२००४ सालचा मार्च, सकाळचे साडेआठ. सरुबाई दोनच दिवसांसाठी माहेरी गेल्या होत्या. डबा तसाच उपडा ठेवून कोंडाजींनी आधी मुलीला, रूपालीला फोन लावला.

संपलं म्हणायचं नाही, हा सरुबाईंचा अडतीस वर्षांचा कायदा. मीठ संपत नाही, वाढतं. बांगडी फुटत नाही, वाढते. पुष्कळ घरांत म्हणतात तसं, पण सरुबाई त्या बाबतीत फार कडक. कोंडाजींचा जन्म सातपूरला लेथ मशीनवर गेलेला. जे मोजता येत नाही ते त्यांच्या हिशेबी नव्हतंच. "अगं, मीठ वाढलंय तर मला दुकानात कशाला पिटाळतेस?" असं ते चिडवायचे.

"जिभेला हाड नसतं. आपणच सांभाळायची," त्या म्हणायच्या.

त्या सकाळी रूपालीने विचारलं, "अण्णा, काय झालं आईला?" 'संपली' हा मघाचाच शब्द त्यांच्या ओठांवर आला. तो त्यांनी गिळला.

"रूपा, आई वाढली."

पलीकडून ती म्हणाली, "माणसाला असं म्हणत नाहीत, अण्णा."

वर्षश्राद्ध झालं आणि श्रमिकनगरचं दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचं घर विकायचं ठरलं. कोंडाजींनाही तिथं राहवत नव्हतं. दोन वेळा चूल पेटवायची आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचं, किती दिवस चालणार? रूपालीच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये त्यांना एक खोली होती. नात आरोहीने त्यांची खाट खिडकीशी लावूनसुद्धा ठेवली होती. सामान म्हणजे एक पेटी आणि एक पिशवी, त्याहून जास्त नाही. तीस एप्रिलला किल्ली द्यायची.

त्यांनी स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. नाव घातलेले स्टीलचे सात डबे शेजारच्या यशोदाबाईंना दिले.

"समदेच देता का काय, भाऊ? तुमाला?"

"आमचे वाढले," कोंडाजी सवयीने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फळीवर सात डबे होते. म्हातारीने गुपचूप परत आणून ठेवले असतील, असं वाटून ते तिच्याकडे गेले. तिच्याकडेही सातच्या सात होते, पीठ भरलेले. तिसऱ्या डब्याला पोचा होता. कधीकाळी तो कोंडाजींच्या पायावर पडला होता. त्यांनी कारखान्यातला मापं घ्यायचा जुना व्हर्नियर काढला आणि दोन्ही घरच्या डब्यांचा पोचा मोजला. माप तंतोतंत एक आलं. कारखान्यात एका साच्यातून काढलेल्या दोन नगांतही एवढा मेळ बसत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

मग बाहेरच्या खोलीतल्या कपाटातल्या साड्या. भागुबाई बोहारणीने गाठोडं बांधलं, एक पातेलं दिलं आणि विचारलं, "झालं का बाबा कपाट रिकामं?"

"वाढलं."

दुसऱ्या दिवशी कपाटाचं दार लागेना. साड्या त्याच होत्या. वरच्या साडीला खोबरेल तेलाचा वास येत होता आणि निऱ्यांच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. विंचूरला ज्या हिरव्या साडीत सरुबाईंना सरणावर ठेवलं, तीही होती. तशा दोन होत्या.

त्यांनी रूपालीला फोन केला. आधी ती हसली, मग हसायची थांबली.

"मग संपलं म्हणा ना, अण्णा. तुमच्याच तोंडून वाढलंय ते."

भर दुपारी कोंडाजी फळीसमोर उभे राहिले. जीभ उचलत नव्हती. "डबे संपले," ते कसेबसे म्हणाले. यशोदाबाईंना पुन्हा सात डबे पोचले, त्या नको नको म्हणत असताना. सकाळी फळी रिकामी होती. साड्या संपल्या. पातेली संपली. पाट, सूप, पाटा-वरवंटा, सगळं एकेक करून संपलं. एकोणतीस तारखेला स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली धुऊन काढल्यासारखी मोकळी झाली. पेटी आणि पिशवी दारात ठेवलेली. त्या रात्री वर्षभराने त्यांना झोप लागली.

तीस तारखेला दुपारी रूपाली रिक्षा घेऊन आली. "शाब्बास अण्णा! आतलं झालं का?"

आतल्या खोलीत सरुबाईंची खाट होती. बाकी काही नव्हतं. कोंडाजींनी तिच्या बंद दाराच्या कडीला हात लावला.

आत बांगड्या वाजल्या.

"अहो," सरुबाईंचा आवाज आला, "साखर वाढली."

रूपालीच्या हातातली पिशवी खाली पडली.

"अहो, साखर वाढली." तोच आवाज, पण आता खिडकीकडून.

"अहो, साखर वाढली." दाराच्या अगदी मागून.

मग बांगड्या. दोन हातांच्या नव्हत्या.

रूपालीने बापाचा दंड धरला. "अण्णा, किती आहेत?"

वर्षभरात आतल्या खोलीतून त्यांनी काही बाहेर काढलं नव्हतं, काही मोजलं नव्हतं.

"म्हणा तो शब्द, अण्णा. एकदाच. मग आपण जाऊ."

कोंडाजींनी तोंड उघडलं. डोळ्यांसमोर त्या सकाळचा उपडा डबा आला, वाजणारा फोन आला. आतून कोणीतरी दारावर बोटं ठेवली, हलकेच. मग आणखी कोणीतरी.

त्यांनी तोंड मिटलं आणि दाराला पाठ लावून खाली बसले.

रिक्षा रिकामी परत गेली. किल्ली अजून दिलेली नाही. आतली खोली तेवढी आवरायची राहिली आहे.